चार नंबरचा फर्मा

टाकीत आतून दाब दिला की पत्रा ताणला जातो आणि बाहेर फुगतो. इंजिनिअरिंगची चार वर्षं मी हे शिकले, पुढे पुण्यात सात वर्षं याच्याच जिवावर पगार घेतला, आणि चितेगावच्या कारखान्यात रुजू झाले तेव्हा हे मला माझ्या नावाइतकं पक्कं ठाऊक होतं. कचरूमामा बिडगर नावाच्या सातवी नापास माणसाने एका चंदेरी फुग्याच्या मदतीने पाच मिनिटांत ते खोटं पाडलं. त्याचा राग मला दोन दिवस पुरला. आनंद मात्र अजून संपलेला नाही.

परवा रशीदचाचांचा फोन आला. चाचा आमच्या कारखान्यातले वेल्डर. मामा गेल्याचं त्यांनी सांगितलं, मी हळहळले, ते हळहळले, आणि मग दोघांपैकी कुणाला तरी त्या पाण्याच्या चाचणीचा दिवस आठवला. पुढची वीस मिनिटं आम्ही दोघं एकमेकांचं बोलणं तोडत तोच दिवस सांगत होतो. मयताची बातमी द्यायला फोन केलेला माणूस हसत होता, ऐकणारी पुंडलिकनगरच्या गच्चीवर वाळत घातलेले कपडे हातात घेऊन हसत होती. मामांना हे आवडलं असतं.

कारखाना म्हणजे पैठण रस्त्याच्या कडेची एक उंच शेड. तिथे दूध, फळांचे रस, औषधं असल्या गोष्टींसाठी स्टेनलेस स्टीलच्या टाक्या बनत. टाकी म्हणजे उभं नळकांडं, आणि त्याच्या तोंडाला पालथ्या बशीसारखं झाकण. त्या झाकणाला सगळे डिश म्हणत, आणि डिश घडवणं हे मामांचं काम होतं. आधी प्रेसखाली पत्रा दाबून मधला फुगवटा काढायचा, मग कडा लोखंडी फर्म्यावर ठोकत, वळवत खाली आणायची, म्हणजे ती नळकांड्याला जुळते. मधल्या फुगवट्याला मामा पोट म्हणायचे आणि कडेच्या वळणाला खांदा. यांची इंग्रजी नावं त्यांना येत होती, पण ती त्यांच्या मते कागदावर लिहायची नावं होती, तोंडाने बोलायची नव्हेत.

प्रत्येक टाकी त्यांच्यासाठी बाई असायची. मी पहिल्याच आठवड्यात माझं ड्रॉइंग घेऊन शेडमध्ये उतरले, तर त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाले, "म्याडम, ह्या बाईला खांदाच दिला नाय तुमी."

खांदा मी दिलेला होता. चार नंबरच्या फर्म्याचा. शेडमध्ये सहा फर्मे होते आणि चार नंबरचा सगळ्यात लाडका, कारण त्याचं वळण आखूड. डिश बुटकी बनते, टाकी कमी उंचीच्या खोलीत मावते, गिऱ्हाईक खूश. माझी टाकी अडीच मीटर व्यासाची होती आणि पत्रा तीन मिलीमीटरचा. सूत्राने दोन मिलीमीटर पुरे होतं, तीन म्हणजे चैन. हे सगळं मी मामांना, माझ्या मते, लहान मुलाला समजेल असं समजावून सांगितलं. फुटण्याचा प्रश्नच नाही, म्हटलं.

"फुटायचं कोण इचारतंय," मामा म्हणाले. "पाणी दाबलं की खांदा कुठं जाईल ते सांगा."

"बाहेर," मी म्हटलं.

"व्हय?" एवढंच म्हणून ते गालात हसले आणि आपल्या कामाला लागले. त्या 'व्हय'ने माझं दुपारचं जेवण बिघडवलं.

सोमवारी ते वर ऑफिसात आले. ही बातमीच होती. मामा ऑफिसच्या उंबऱ्याच्या आत येत नसत. खुर्चीत बसलं की मला कुणीतरी बांधून ठेवल्यासारखं वाटतं, असं म्हणत. आले ते थेट माझ्या टेबलापाशी, आणि खिशातून घडी घातलेला एक चंदेरी फुगा काढला. वाढदिवसाला भिंतीवर लावतात तो, चकचकीत कागदी पत्र्याचा, गोल. उस्मानपुऱ्यात रस्त्यावर मिळाला म्हणाले. त्यांनी तो टेबलावर ठेवून तळव्याने असा सपाट केला की त्यात माझा चेहरा दिसायला लागला.

"चुणी हाय का कुठं?"

नव्हती. त्यांनी माझ्या हातात शीतपेयाची एक नळी दिली आणि फुगवा म्हणाले. मी फुगवला. सगळं ऑफिस हातातली कामं टाकून बघत होतं. मधलं पोट छान टम्म झालं, आणि कडेला, गोलाकार, एकामागोमाग एक चुण्या पडत गेल्या. साडीच्या निऱ्या असतात तशा, आत दुमडलेल्या.

"आतून दाब कुणी दिला? तुमीच ना? बाहेरून कुणी चेपलं?" मामा म्हणाले. "मग ह्या कुठून आल्या?"

मी नळी तोंडात धरून बसले होते. मामांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर आपटली. फार आनंद झाला की ते असं करत. ऑफिसातले लोक हसले, मी त्या सगळ्यांचा मनातल्या मनात उद्धार केला आणि त्या दिवशी कुणाशी बोलले नाही.

पण दुसऱ्या दिवशी मी नियमांचं जाडजूड पुस्तक काढलं. मागे परिशिष्टात, बारीक अक्षरात, पातळ पत्र्याच्या डिशसाठी वेगळा परिच्छेद होता. सात वर्षांत मी ते पान उघडलं नव्हतं. माझ्या माहितीतल्या कुणीही उघडलं नव्हतं. ते वाचताना मला घाम फुटला आणि त्याच वेळी इतकं भारी वाटायला लागलं की मी उठून उभी राहिले. गोष्ट इतकी साधी होती. आतला दाब प्रत्येक टाकीला चेंडूसारखं गोल करायला बघतो. चपट्या डिशचं पोट म्हणून वर उठतं, आणि उठताना खांद्याला आत ओढतं. खांद्याचा घेर कमी व्हायला लागतो. जाड पत्रा हा दाब सोसून राहतो. पातळ पत्र्याला घेर कमी करण्याचा एकच मार्ग माहीत असतो: चुणी घालायची. टाकीतलं सगळं बाहेर ढकललं जात असताना तेवढी एक कड स्वतःवरच आवळली जाते.

मी जिन्यावरून जवळजवळ धावतच खाली गेले. मामांना म्हटलं, पुस्तकात आहे, तुम्ही म्हणता तेच आहे. आपण बरोबर निघाल्याचा त्यांना आनंद होईल असं मला वाटलं होतं. तो झालाच, टोपी पुन्हा मांडीवर बसली, पण लगेच त्यांनी पानाचा नंबर विचारला. मग कार्डाएवढा कागद पुढे केला आणि त्यावर तो मोठ्या आकड्यात लिहून मागितला. खिशाला दोन पेनं कायम असत. एक चालायचं, एक मागणाऱ्यांना द्यायला न चालणारं. कागद त्यांनी चालणाऱ्या पेनाशेजारी ठेवला. त्या दिवसापासून मी म्याडमची ताई झाले.

मामांचं घराणं मेंढरं राखणाऱ्यांचं. पैठणकडच्या एका वाडीत त्यांचं लहानपण बापामागे रानोमाळ हिंडण्यात गेलं होतं. मेंढीच्या कुशीला हात लावून ती पाणी प्यायली की नाही हे सांगणं त्यांना आठव्या वर्षी यायचं, असं ते सांगत. आणि मला ते खरं वाटायचं, कारण पत्र्याच्या बाबतीत ते तेच करत. एकदा नव्या मालाची गाडी आली. मामांनी पत्र्यावर पान्याने दोन ठिकाणी टकटक केलं आणि हा माल घेऊ नका म्हणाले, हा पत्रा पोटाला बारीक आहे. मी मोजायचं यंत्र आणलं. कडेला तीन मिलीमीटर भरलं. मी जिंकल्याच्या तोऱ्यात वळले, तर म्हणतात, कडेला नव्हे ताई, पोटाला म्हणलो मी. मधोमध मोजलं तर खरंच कमी भरलं. गाडी परत गेली. मी यंत्र पिशवीत घालताना ते हळूच म्हणाले की यंत्र चांगलं आहे, फक्त त्याला कुठं लावायचं ते सांगावं लागतं.

बोलायला त्यांना काही लागायचं नाही. प्रेस, पाऊसपाणी, सुनेचा स्वयंपाक, शेडच्या पत्र्यावर बसणारी कबुतरं. एकच विषय सोडून. हे खांद्याचं तुम्हाला कळलं कसं, असं मी विचारलं की ते म्हणत, पत्रा सांगतो, आणि तिथून उठून जात. बोलता माणूस असा तोंड फिरवून गेला की चुकल्यासारखं वाटतं. शेवटी ते मला रशीदचाचांनी सांगितलं.

वीस वर्षांपूर्वी कारखान्यात लोखंडाच्या जागी स्टेनलेस आलं. हा पत्रा ताकदीचा, म्हणून तो पातळ घ्यायला सुरुवात झाली. फर्मे मात्र तेच राहिले. जाड लोखंडासाठी बनवलेल्या फर्म्यावर पातळ पत्रा चढायला लागला, आणि यात काही वावगं आहे हे कुणाच्याच डोक्यात आलं नाही. आमच्या शेडमध्ये एक रीत होती. पाण्याची चाचणी घेताना डिशवर खडूने ती घडवणाऱ्याचं नाव लिहायचं. टाकी टिकली की ज्याचं नाव त्याने ते आपल्या हाताने पुसायचं, आणि मग सगळ्यांना चहा. त्या वर्षी पहिल्या मोठ्या पातळ टाकीवर चाचांनीच लिहिलं होतं, कचरू बिडगर. दाब आमच्याकडे किलोत बोलतात. काटा दीड किलोवर आला आणि खांद्यावर चुण्या पडल्या.

आतून दाब असताना पत्रा आत कसा दुमडेल? सगळ्यांनी एकच उत्तर काढलं: ठोकताना मामांनी खांदा कुठेतरी कमजोर केला. साहेब, म्हणजे आमचे मालक, तेव्हा तरुण आणि तापट होते. त्यांनी नाव पुसू दिलं नाही. ती डिश फाटकाशी ठेवली, नावासकट, आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण कित्येक महिने ती बघत आत आला. मामांनी नोकरी सोडली नाही. पण त्यानंतर एकाही डिशवर त्यांनी आपलं नाव लिहू दिलं नाही.

"मैं भी वोच बोला था उनको," चाचा मान खाली घालून म्हणाले. "हाथ चूक गया तुम्हारा, बोला मैं. बीस बरस से बाजू में बैठ के खाना खाता मैं, और वो बात नै निकालते."

हे ऐकल्यावर मी साहेबांकडे गेले. हातात तीन मोठ्या टाक्यांचं काम होतं, चार नंबरच्या फर्म्याचं, माझ्याच सहीचं. मला खांदा मोठा करायचा होता. साहेबांनी ऐकून घेतलं. आता ते साठीचे होते, तापटपणा गेला होता, हट्ट राहिला होता. त्यांचं म्हणणं असं की खांदा मोठा केला की डिश उंच होते आणि गिऱ्हाइकाच्या खोलीत टाकी मावत नाही. आणि चार नंबरच्या इतक्या टाक्या आजवर गेल्या, एक दुमडली ती कचरूच्या हाताने. त्या सगळ्या टाक्या लहान होत्या, हे मी सांगितलं. पुस्तकातलं पान दाखवलं. ते म्हणाले, पुस्तक लिहिणाऱ्याने आपली शेड पाहिलेली नाही.

मामांच्या निवृत्तीला तेव्हा तीन आठवडे उरले होते. साहेब शेडमध्ये आले, सगळ्यांसमोर मामांच्या पाठीवर हात ठेवला आणि विचारलं की निरोपाला काय देऊ, घड्याळ चालेल ना. त्यांचा जीव होता मामांवर. जीव असूनही माणूस वीस वर्षं चुकीचं धरून बसू शकतो.

"घड्याळ नको," मामा म्हणाले. "मला एक डिश खराब करू द्या."

साहेबांना कळेना. मामांनी सांगितलं. डिश बाहेरून आणायची, मशीनवर वळवलेली. पत्रा तीन मिलीमीटर, व्यास अडीच मीटर, खांदा चार नंबरच्या मापाचा. माझा हात तिला लागणार नाही. खाली जाड बूड लावून पाणी भरायचं आणि ती दुमडेपर्यंत दाबायचं.

"आणि नाही दुमडली तर?"

"तर हात माझाच वाकडा व्हता. निरोपाच्या दिवशी माईकवर सांगतो सगळ्यांना."

शेडमध्ये ग्राइंडर चालू होता तो कुणीतरी बंद केला. मला वाटलं, मामा, हे कशाला बोललात. वीस वर्षं गप्प राहून त्यांनी आपलं नाव निदान अर्धवट राखलं होतं, ते आता पुरतं पणाला लागलं होतं. साहेब हो म्हणाले.

डिश आली. इतकी सुबक की मामांनी तिच्याभोवती दोन चकरा मारल्या आणि आपल्याला अशी कधी जमली नसती असं मोकळेपणाने कबूल केलं. चाचांनी ती बुडाला जोडली. शनिवारी सकाळी दहाला चाचणी ठरली, आणि त्या दिवशी चितेगावात सुट्टीवर असलेले लोकसुद्धा कामावर आले. ती किती दाबाला दुमडेल याचा मी आदल्या दिवशी गणित करून एक आकडा काढला होता, दोन किलोच्या जरा अलीकडचा. तो मी कागदावर लिहून, घडी घालून मामांकडे दिला. त्यांनी न उघडता खिशात टाकला.

पाणी भरलं. वरच्या तोंडातून सगळी हवा काढली. पंप हाताचा होता आणि चाचा तो दुसऱ्या कुणाला देईनात. मग त्यांना रीत आठवली. ते खडू घेऊन डिशपाशी उभे राहिले आणि मामांकडे वळले. नाव कुणाचं लिहायचं? बनवणारा तर इथे नाहीच.

"फर्म्याचं लिवा," मामा म्हणाले. "आज तपासणी त्याची हाय."

चाचांनी मोठ्या अक्षरात लिहिलं: फर्मा नंबर चार. लोक हसले, साहेबही हसले, आणि पंप सुरू झाला.

अर्धा किलो. एक. सव्वा. चाचणीच्या वेळी सगळ्यांच्या नजरा सवयीने जोडावर असतात, पाणी कुठे पाझरतंय का बघायला. त्या दिवशी पन्नास माणसं फक्त खांदा बघत होती. काटा दीडवर आला. चाचा थांबले. वीस वर्षांपूर्वी इथेच झालं होतं. डिश गुळगुळीत होती. मामा तिला तळवा लावून उभे होते, डोळे मिटून. एक मिनिट गेलं असेल. त्यांनी डोळे उघडले आणि नुसती मान हलवली, नाही म्हणून.

मागून कुणीतरी खोकलं. साहेब पुढे आले. त्यांच्या चेहऱ्यावर जिंकल्याचा भाव मुळीच नव्हता. त्यांना वाईट वाटत होतं, आणि तेच बघवत नव्हतं. ते म्हणाले, राहू दे कचरू, झालं ते झालं. मामा म्हणाले, बरं. इतक्या सहज म्हणाले की मला राहवेना. आणि मग मीच ओरडले. चाचा, थांबू नका, मारा. साहेबांसमोर मी इतका आवाज कधी चढवला नव्हता. माझा आकडा अजून पुढे आहे, म्हटलं, मामांच्या खिशात आहे, मारा तुम्ही.

चाचांनी साहेबांकडे पाहिलंच नाही. पंपाचा दांडा खाली गेला. पावणेदोन. आणखी दोन हात. आणखी एक.

टण्ण.

आवाज असा आला की पुढे उभे असलेले चार जण मागे सरकले. पाणी कुठेच आलं नव्हतं, फुटलं काहीच नव्हतं. खांद्यावर, खडूच्या अक्षरांच्या डावीकडे, हातभर लांब खोलगट चुणी पडली होती. आत. आतून दाब असताना आत. मामांनी हात काढला नव्हता. ती त्यांच्या तळव्याच्या वीतभर शेजारीच पडली होती.

चाचांनी स्वतःशीच म्हटल्यासारखं "एक" म्हटलं आणि पुन्हा दांडा खाली नेला. टण्ण. पलीकडच्या बाजूला दुसरी. आता लोक धावत त्या बाजूला गेले, तर तिसरी अलीकडे. मी नाचत होते. खरंच नाचत होते, सेफ्टी हेल्मेट घालून. पन्नास माणसं त्या टाकीभोवती गोल फिरत होती, पुढची कुठे पडणार यावर पैजा लावत होती आणि चाचा पंप मारता मारता आकडे पुकारत होते, पाच, छे, सात. दाब वाढत होता, टाकी शाबूत होती, फक्त खांदा एकेक चुणी घालत होता, पुस्तकात लिहिलं होतं अगदी तसा. अकराव्या चुणीला चाचांचे हात थकले आणि ते दांड्यावर डोकं टेकून बसले. ते रडत होते की घाम पुसत होते हे मी विचारलं नाही.

मामांनी टोपी काढली नाही. खिशातला माझा कागद काढला, आकडा वाचला, पहिली चुणी पडली तेव्हा काटा तिथेच होता, आणि कागद माझ्यापुढे धरून म्हणाले, "ताई, सही करा खाली."

साहेब पहिल्या चुणीपाशी गेले. त्यात त्यांनी बोटं घालून पाहिली. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "कचरू, चूक तुझी नव्हती."

"थोडी व्हती साहेब," मामा म्हणाले. "ही दीडला टिकली, माझी दीडला गेली. तेवढा फरक माझ्या हाताचा. बाकीचा फर्म्याचा."

वीस वर्षांनी हातात आलेला न्याय माणसाने असा मोजून घ्यावा, आपल्या वाटणीची चूक बाजूला काढून ठेवावी, हे मी आधी कुठे पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही. मी असते तर सगळाच घेतला असता, वर व्याज मागितलं असतं. साहेबांनी तिथेच सांगितलं की मोठ्या टाक्यांना चार नंबरचा फर्मा आजपासून बंद, आणि गिऱ्हाइकाची खोली बुटकी असेल तर त्याने टाकी आडवी ठेवावी. मग ते मामांसमोर येऊन उभे राहिले. मामांनीच त्यांचा हात धरला आणि चहा सांगा म्हणाले.

निरोपाचा कार्यक्रम पुढच्या शनिवारी झाला. शाल, नारळ, आणि घड्याळही. माईकवर मामांना काही कबूल करायचं उरलं नव्हतं, म्हणून ते कबुतरांवर बोलले. मामी आल्या होत्या, डोईवरचा पदर नीट धरून माझ्या शेजारच्या खुर्चीत बसल्या होत्या. त्यांना मी चाचणीचं सांगायला गेले, तर त्यांना काहीच माहीत नव्हतं. ना चाचणी, ना ती जुनी डिश.

"घरी कामाचं बोलत नायत ते," मामी म्हणाल्या. "पयलं लई बोलायचे. मी भाकरी थापायची अन् ते पत्र्याचं सांगायचे, मला कळो नायतर न कळो. मंग एक दिस आले अन् बंदच झाले. मला वाटलं माझंच कायतरी चुकलं."

वीस वर्षं. ते मी सांगायचं नव्हतंच. कार्यक्रम संपल्यावर मामांना गाठलं आणि मामींना चाचणीतली ती दुमडलेली डिश तुम्ही दाखवली का, एवढं विचारलं. त्यांनी शाल खांद्यावरून काढून माझ्या हातात दिली आणि मामींना शोधायला गेले.

त्या महिन्याअखेर माझी दुसरीकडे नोकरी लागली आणि नंतर मामा मला भेटले नाहीत. निरोपाच्याच दिवशी ऑफिसच्या खिडकीतून पाहिलं तेच शेवटचं. संध्याकाळची कंपनीची बस फाटकाशी उभी होती, सगळे बसले होते. अंगणात त्या दुमडलेल्या डिशपाशी दोघं उभे होते. मामींचा हात चुणीत होता आणि मामा बोलत होते, दोन्ही हातांनी, पोट कसं वर उठतं, खांदा कसा आत जातो, खाली वाकून, पुन्हा उभे राहून. मामी मध्येच काहीतरी विचारायच्या आणि ते पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे. ड्रायव्हरने दोनदा हॉर्न वाजवला. मामांनी मागे न बघता थांब म्हणून हात वर केला, मामींना पुढे घेतलं आणि तिसऱ्या चुणीपाशी जाऊन उभे राहिले. अजून आठ राहिल्या होत्या.